औषधाच्या कपाटाची चावी



२७ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा संत मोनिकाचा सण साजरा करते आणि दुसऱ्याच दिवशी, २८ तारखेला, तिचा पुत्र संत अगस्तिन ह्याचा. मोनिका म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते ती वाट चुकलेल्या मुलासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळणारी आई. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी माता तिच्याकडे मध्यस्थीची याचना करतात. परंतु ह्या संत स्त्रीच्या बालपणीची एक गोष्ट आपण सहसा ऐकत नाही. ती खुद्द अगस्तिनने आपल्या 'कन्फेशन्स' ह्या ग्रंथाच्या नवव्या भागात लिहून ठेवली आहे.

मोनिकाचे घर शिस्तीचे होते. घरातील एक वृद्ध दासी मुलींना जेवणाच्या वेळेखेरीज पाणीसुद्धा पिऊ देत नसे. मोनिका शहाणी, संयमी मुलगी. म्हणूनच पिंपातून द्राक्षारस काढून आणण्याचे काम आईवडिलांनी तिच्यावर सोपवले. द्राक्षारस सुरईत ओतण्यापूर्वी ती भांड्याला नुसते ओठ लावी. तिला काही दारूची ओढ नव्हती. तो पोरवयातला खट्याळपणा होता. पण आज एक थेंब, उद्या दोन थेंब असे करता करता ती जवळजवळ भरलेले पेले रिकामे करू लागली. तिच्याबरोबर जाणाऱ्या दासीला हे ठाऊक होते. एके दिवशी दोघींचे भांडण झाले आणि त्या दासीने रागाच्या भरात मोनिकाला 'दारुडी' म्हणून टोमणा मारला. तो शब्द मोनिकाच्या जिव्हारी लागला. तिने स्वतःकडे पाहिले, तिला लाज वाटली आणि ती सवय तिने तिथल्या तिथे सोडली.

ह्या गोष्टीतील तीन बारकावे ध्यानात घ्या. पहिला, ज्या मुलीवर सर्वांचा विश्वास होता तिलाच पिंपापाशी पाठवण्यात आले होते. दुसरा, घात एका दिवसात झाला नाही. तो थेंबाथेंबाने झाला. तिसरा, जिला हे ठाऊक होते ती गप्प राहिली आणि बोलली तेव्हा प्रेमाने नव्हे, तर रागाने बोलली. अगस्तिन म्हणतो की दासीचा हेतू दुखावण्याचा होता, बरे करण्याचा नव्हता. तरीही देवाने तो शब्द औषधासारखा वापरला.

आपल्या घरातील मोनिका

आपल्या धर्मग्रामात अशी गल्ली विरळाच, जिथे एकही नर्स नाही. कोणी मुंबईच्या रुग्णालयात आहे, कोणी आखातात, कोणी आयर्लंडला किंवा इंग्लंडला. दरवर्षी आपल्या काही मुली, आणि आता काही मुलगेही, नर्सिंगच्या ट्रेनिंगला जातात. ह्या सेवेचा आपल्याला रास्त अभिमान आहे. म्हणूनच एका अवघड विषयाला आज हात घालावासा वाटतो. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांपैकी काही जण झोपेच्या गोळ्या, गुंगी आणणारी वेदनाशामके, खोकल्याची औषधे किंवा दारू ह्यांच्या आहारी जातात. बहुसंख्य विद्यार्थी ह्यापासून दूर आहेत, हे मी प्रथम सांगतो. परंतु जे अडकतात ते अगदी एकटे असतात आणि आपण त्यांच्याविषयी बोलत नाही म्हणून आणखी एकटे पडतात.

त्यांचे जीवन कसे असते ते पाहा. वय अठरा-एकोणीस. कालपर्यंत आई ताट वाढून देत होती. आज हॉस्टेलची खोली, परक्या मुली, इंग्रजीतली जाडजाड पुस्तके. जनरल नर्सिंगची तीन वर्षे किंवा बी. एस्सी.ची चार वर्षे. रात्रभर वॉर्डात उभे राहायचे आणि सकाळी लेक्चरला बसायचे. केस स्टडी लिहायची, सिनियरचे बोलणे ऐकायचे, घरी फोनवर मात्र 'मी मजेत आहे' म्हणायचे, कारण फीसाठी बाबांनी कर्ज काढलेले असते. ह्याच वयात तिच्या हातांवर पहिला रुग्ण दगावतो. ज्याला ती संध्याकाळी पेज भरवते, त्याचाच देह पहाटे स्वच्छ करून पांढऱ्या चादरीत गुंडाळावा लागतो. त्यानंतर अर्ध्या तासाने नाश्ता असतो. त्या मृत्यूविषयी तिच्याशी कोण बोलते?

मग नाईट ड्युटीनंतर भर उन्हात झोप येत नाही. मैत्रीण म्हणते, "अर्धी गोळी घे, मी घेते." पाय आणि पाठ भरून येते, वेदनाशामक हाताशी असते. परीक्षेच्या आधी जागायला कॉफीचे कप वाढतात आणि नंतर झोपायला गोळी वाढते. जागण्यासाठी एक आणि झोपण्यासाठी दुसरे असे चक्र सुरू होते. सुट्टीच्या दिवशी त्यात बिअरची भर पडते. हेच ते थेंब. ओठ लावण्यापासून पेला रिकामा होईपर्यंतचा प्रवास तिला स्वतःलाही दिसत नाही.

"मला डोस ठाऊक आहे"

वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांचा एक खास मोह आहे. त्यांना वाटते, 'मला औषध कळते, म्हणून मी अडकणार नाही.' सॉक्रेटिसचे असेच काहीसे मत होते: ज्याला चांगले काय ते खरोखर कळले, तो वाईट करणार नाही. अ‍ॅरिस्टॉटलने त्याला विरोध केला. चांगले काय हे कळूनही माणूस उलटे वागतो, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे, असे त्याने दाखवून दिले. संत पौलाने तर रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात ही ओढाताण स्वतःच्याच बाबतीत मांडली आहे. ज्ञान म्हणजे सद्गुण नव्हे. डोस पाठ असणे आणि डोस आवरणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शरीराला तर पदवी कळतच नाही. अल्प्राझोलम, डायझेपाम ह्या गटातील गोळ्या काही आठवडे रोज घेतल्या की शरीर त्यांना सरावते. त्याच झोपेसाठी जास्त गोळी लागते. मग ती एकदम बंद केली तर हातपाय थरथरतात, झोप पार उडते, कधी आकडीही येऊ शकते. म्हणून अशी सवय सोडायची ती स्वतःच्या हिमतीवर एका रात्रीत नव्हे, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करीत. ह्या गोळ्यांवर दारू घेतली तर श्वास मंदावून जीवावर बेतू शकते. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकाचीही सवय लागते; २०१८ साली भारत सरकारने ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. अशा अनेक औषधांच्या वेष्टनावर लाल चौकट असते. २०१३ साली केलेल्या आणि २०१४ पासून लागू झालेल्या 'शेड्यूल एच-१' नियमानुसार ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि औषधविक्रेत्याला त्यांची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आपल्याकडची अशी काही औषधे चिठ्ठीविना आखाती देशांत नेली तर अटक होऊ शकते.

आणि वॉर्डातल्या कपाटाचे काय? इथे एक कठोर गोष्ट बोलली पाहिजे. वॉर्डातून उचललेले वेदनाशामक कोणा कंपनीचे नसते, ते एका रुग्णाचे असते. त्याच्या कागदावर पूर्ण डोस लिहिला जातो आणि शरीरात अर्धाच जातो. शस्त्रक्रिया झालेली एक म्हातारी रात्रभर कण्हत राहते आणि सकाळी सगळे म्हणतात, 'आजी फार कटकटी आहे.' सातव्या आज्ञेचा भंग आपण पैशांच्या हिशेबात मोजतो. येथे तर चोरी होते ती दुसऱ्याच्या आरामाची.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या हाती दिवा देऊन जी शपथ दिली जाते, ती नाइटिंगेलच्या नावाने ओळखली जाते. तयार मात्र ती अमेरिकेतील डेट्रॉइट येथे १८९३ साली झाली. त्या मूळ शपथेत घातक औषधाविषयी दोन वचने आहेत: मी ते घेणार नाही आणि जाणूनबुजून कोणाला देणार नाही. क्रम पाहा. आधी 'घेणार नाही', मग 'देणार नाही'. जिने स्वतःला राखले, तीच रुग्णाला राखू शकते.

औषध घेणे पाप आहे काय?

युवकांच्या सभेत हा प्रश्न मला एकदा विचारण्यात आला होता: "फादर, झोपेची गोळी घेणे पाप आहे का?" ह्याचे उत्तर हो किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही.

बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो आणि औषधे देवानेच धरतीतून निर्माण केली असे शिकवतो. दयाळू शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूच्या घावांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. संत पौलाने तिमथीला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. पोप बारावे पायस ह्यांनी फेब्रुवारी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केले की वेदना कमी करण्यासाठी औषध घेणे ख्रिस्ती माणसाला निषिद्ध नाही. दुसरीकडे ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम (परिच्छेद २२९१) सांगतो की निव्वळ उपचाराचे कारण सोडून मादक द्रव्यांचा वापर करणे हा गंभीर अपराध आहे, कारण त्यामुळे आरोग्याची आणि जीवनाची मोठी हानी होते.

म्हणजे गोळी तीच, पण एकदा ती देवाचे दान असते आणि एकदा ती फास होते. फरक कशाने पडतो? स्वतःला चार प्रश्न विचारा. ही गोळी मला कोणी दिली, डॉक्टरांनी की मैत्रिणीने? कशासाठी दिली, आजार बरा करण्यासाठी की जे सोसवत नाही ते विसरण्यासाठी? किती आणि किती दिवस? आणि मी ती उघडपणे घेऊ शकते की लपवून घेते? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आदाम झाडामागे लपला तेव्हापासून लपणे हीच धोक्याची पहिली खूण आहे.

मात्र ह्याच्या उलट बाजूनेही एक अन्याय होतो. एखाद्या मुलीला खरोखरच नैराश्याचा आजार असतो. डॉक्टर तिला औषध देतात. ते औषध म्हणजे नशा नव्हे. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि डॉक्टरांना न विचारता ते मध्येच थांबवणे धोक्याचे असते. तरीही घरचे म्हणतात, "लोकांना कळले तर लग्न कसे होईल?" आणि गोळ्या कपाटाच्या मागे लपवल्या जातात. कोणी प्रार्थनासभेला जाऊन येते आणि 'श्रद्धा असेल तर गोळ्या टाकून दे' असा उपदेश करते. बंधुभगिनींनो, असे कोणालाही सांगू नका. मधुमेहाच्या रुग्णाला आपण इन्सुलिन टाकून द्यायला सांगतो का? प्रार्थना आणि औषध ह्या सवती नाहीत. देव दोन्ही हातांनी बरे करतो.

थकलेल्याला देव काय देतो?

एलिया संदेष्टा थकून एका झुडुपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले (१ राजे १९). देवाने त्याला काय दिले? उपदेश नाही, रागाचा शब्द नाही. आधी झोप, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे, मग पुन्हा झोप, पुन्हा भाकर. होरेब पर्वतावरचे बोलणे त्यानंतर झाले. थकलेल्या माणसाची आधी भूक आणि झोप पाहावी, हे देवाला ठाऊक आहे.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनीही आपल्या 'सुम्मा' ह्या ग्रंथात दुःखावरचे उपाय कोणते, असा प्रश्न घेतला आहे. त्यांनी पाच उपाय सांगितले: निर्मळ आनंद, रडणे, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन आणि शेवटी झोप व स्नान! एवढा मोठा तत्त्ववेत्ता स्नानाची गोष्ट करतो, ह्याचे सेमिनरीत शिकताना आम्हाला हसू येई. पण त्याला आधार आहे तो अगस्तिनचाच. मोनिका वारली तेव्हा अगस्तिन स्नान करून आला, तरी दुःख हलले नाही. मग तो झोपला आणि उठला तेव्हा मन काहीसे हलके झाले होते.

हे पाच उपाय नर्सिंगच्या विद्यार्थिनीला लावून पाहा. निर्मळ आनंद: आठवड्यातून एकदा तरी गाणे, खेळ, घरचे जेवण. रडणे: पहिला रुग्ण दगावल्यावर रडू आले तर तो दुबळेपणा नव्हे, येशूही लाजरसाच्या कबरेपाशी रडला. सहानुभूती: जिच्यापाशी खरे बोलता येते अशी एक तरी व्यक्ती. सत्याचे चिंतन: पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तशरीरासमोरची दहा मिनिटे. आणि झोप. नाईट ड्युटीवरून आल्यावर खोलीत अंधार करा, फोन दूर ठेवा, ड्युटीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी टाळा, कारण तिचा अंमल कित्येक तास टिकतो. एवढे करूनही झोप येत नसेल तर डॉक्टरांना भेटा, मैत्रिणीच्या डबीला नव्हे. १२१ वे स्तोत्र सांगते की इस्राएलचा रक्षक झोपत नाही. तो जागा आहे, म्हणून ड्युटी संपल्यावर तुम्ही निर्धास्त झोपू शकता.

आपण काय करायचे?

मुलींनो, मुलांनो, तुमच्यापैकी कोणी अडकले असेल तर आजच एका माणसाला सांगा. वाचा फुटली की फास सैल होतो. 'माझे ट्रेनिंग जाईल' ही भीती मी समजू शकतो. पण लपवलेली सवय एके दिवशी वॉर्डातच उघडी पडते आणि तेव्हा कदाचित एखाद्या रुग्णाचा जीव गेलेला असतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही (कलम ६४-अ) थोड्या प्रमाणातील गुन्ह्यासाठी, स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमच्या उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर आणि व्यसनमुक्तीची सेवा १४४४६ ह्या क्रमांकावर मिळते. आणि तुम्ही पापनिवेदनात जे सांगता ते धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाही, तुमच्या आईवडिलांना नाही, प्राचार्यांना नाही, बिशपांनाही नाही.

पालकांनो, फोनवर मार्क विचारण्याआधी झोप विचारा. मुलगी सुट्टीला घरी आली की तिला दोन दिवस झोपू द्या. तिच्या पर्समध्ये गोळ्या सापडल्या तर आरडाओरडा न करता तिच्याजवळ बसा. त्या दासीसारखे टोमण्याने बोलू नका; मोनिका एका टोमण्याने सावरली, पण सगळ्याच सावरत नाहीत. आणि आपल्या घरांकडेही पाहू या. साखरपुडा असो, हळद असो, बाप्तिस्म्याची पार्टी असो, बाटलीशिवाय आपला आनंद पुरा होत नाही. ज्या मुलांनी लहानपणापासून 'थकलास? घे एक पेग' हेच ऐकले, त्यांना थकवा आला की काय आठवणार?

आणि धर्मग्राम म्हणून आपण त्या दासीच्या जागी आहोत. आपल्याला बरेच ठाऊक असते. आपण ते मागे कुजबुजतो, तोंडावर प्रेमाने बोलत नाही. आपल्यात निवृत्त नर्सेस आहेत, ज्यांनी पस्तीस-चाळीस वर्षे रात्री काढल्या आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकीने ट्रेनिंगला गेलेल्या एका मुलीला महिन्यातून एकदा फोन केला, तर ते मोठे प्रेषितकार्य होईल. तुमची पहिली नाईट ड्युटी, तुमचा पहिला दगावलेला रुग्ण तिला सांगा. तिला कळू द्या की ह्या वाटेने तिच्या आधी कोणी चालले आहे.

शेवटी एक आशेची गोष्ट. १९३० साली पोप अकरावे पायस ह्यांनी ज्या संताला परिचारकांचा आश्रयदाता घोषित केले, तो संत कॅमिलस (१५५० ते १६१४) तरुणपणी पक्का जुगारी होता. पायाच्या जखमेसाठी तो रोमच्या एका रुग्णालयात राहिला, तेथे कामालाही लागला आणि जुगारापायी त्याला तेथून काढून टाकण्यात आले. १५७५ साली त्याचे परिवर्तन झाले. तो त्याच रुग्णालयात परतला आणि पुढे तेथील कारभारी झाला. पायाची जखम मात्र जन्मभर भरली नाही. तिच्यासह तो रुग्णांच्या खाटांपाशी वाकत राहिला. व्यसनात सापडलेली व्यक्ती सेवेला कायमची नालायक ठरते, असे मानणाऱ्यांनी हा संत आठवावा.

चला, आपण प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, तू थकलास तेव्हा होडीत निजलास. रात्री जागून रुग्णांची सेवा करणाऱ्या आमच्या मुलामुलींना शांत झोप दे. ज्यांच्या हाती औषधाची चावी आहे, त्यांचे हात शुद्ध ठेव. जे गुपचूप झगडत आहेत, त्यांना बोलण्याचे धैर्य दे आणि आम्हाला ऐकण्याचे प्रेम दे. संत मोनिका, संत अगस्तिन, संत कॅमिलस, आम्हांसाठी विनंती करा. आमेन.

आपला प्रभूठायी,
प्रमुख धर्मगुरू